सदोष रत्न : हिचकॉकचा ‘मार्नी’

सामान्य कलावंताची कृति फसली तर तिच्याविषयीं कोणी भांडत बसत नाहीं. लोक ती पाहतात, चार दिवस नांवें ठेवितात आणि विसरून जातात. परंतु ज्याच्या हातून उत्तमोत्तम कृति घडल्या आहेत अशा कलावंताची एखादी कृति मनास उतरली नाहीं, म्हणजे रसिकांत हटकून दोन तट पडतात. एक तट म्हणतो, ह्याची प्रतिभा आटली. दुसरा म्हणतो, प्रतिभा आटली नाहीं, तुमची दृष्टि तोकडी पडली. मग वाद कृतीविषयीं न राहतां कलावंताच्या कीर्तीविषयीं होऊं लागतो, आणि ज्या कृतीवरून तो निघाला तिच्याकडे नीट पाहावयाचें दोन्ही पक्षांकडून राहूनच जातें. आल्फ्रेड हिचकॉक ह्या इंग्रज दिग्दर्शकानें अमेरिकेंत निर्माण केलेला १९६४ सालचा ‘मार्नी’ हा रहस्यपट अशा वादाचें ठळक उदाहरण आहे. त्याला साठ वर्षें उलटून गेलीं, तरी वाद मिटलेला नाहीं. तो मिटविण्याचा आमचा आव नाहीं. पण त्यांत कोणाचें कोठवर खरें आहे हें पाहणें चित्रपटाविषयीं आस्था बाळगणाऱ्या प्रत्येकाला उपयोगाचें वाटेल.

ह्या विषयाकडे आमचें लक्ष पुन्हां वळण्यास एक घरगुती निमित्त झालें. गेल्या पावसाळ्यांत एका रविवारीं बाहेर पडण्याची सोय नव्हती, म्हणून घरच्या मंडळींनीं दिवाणखान्यांतच हा चित्रपट लावून पाहिला. मंडळींत आमचे एक वयोवृद्ध स्नेही होते. महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत त्यांचा जन्म गेला असून हिचकॉकचे बहुतेक सारे चित्रपट त्यांनीं पाहिलेले आहेत. कायद्याचा अभ्यास करणारी आमची पुतणी होती आणि आमच्या वहिनीहि होत्या. चित्रपट संपला तेव्हां प्राध्यापकमहाशय म्हणाले, “हा फसला असें जे म्हणतात, त्यांना हिचकॉक कळलाच नाहीं.” पुतणी कांहीं वेळ गप्प होती, मग म्हणाली, “काका, तो मनुष्य तिला बरी करतो कीं पकडून ठेवतो, एवढें मला कोणी तरी सांगा.” वहिनी एवढेंच बोलल्या, “माझ्या डोळ्यांपुढून तिच्या आईचा हात जात नाहीं.” ह्या तीन उद्गारांत ‘मार्नी’विषयींचा साठ वर्षांचा वाद जवळजवळ पुरा आला आहे, असें आम्हांला मागाहून वाटूं लागलें.

आम्हीं स्वतः हा चित्रपट विद्यार्थिदशेंत प्रथम पाहिला, तेव्हां आमची घोर निराशा झाली होती. तिचें कारण आज उघड दिसतें. ‘सायको’ पाहून आलेलें मन दुसऱ्या ‘सायको’ची वाट पाहत बसलें होतें. १९६४ सालच्या प्रेक्षकांचीहि स्थिति ह्याहून फार निराळी नसावी. मागील दहा वर्षांत हिचकॉकनें ‘रिअर विंडो’ (१९५४), ‘व्हर्टिगो’ (१९५८), ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ (१९५९), ‘सायको’ (१९६०) आणि ‘द बर्ड्‌स’ (१९६३) असे एकाहून एक निराळे चित्रपट दिले होते. ‘हिचकॉक’ हें नांव म्हणजे खुर्चीच्या कडेवर बसविणाऱ्या उत्कंठेची हमी, असें समीकरण ठरून गेलें होतें. ह्या उत्कंठेचें मर्म त्यानें स्वतः एका साध्या दृष्टांतानें सांगितलेलें आहे. चार माणसें मेजाभोंवतीं गप्पा मारीत आहेत आणि एकाएकीं मेजाखालचा बॉम्ब उडाला, तर प्रेक्षकाला क्षणभराचा धक्का बसतो. पण मेजाखालीं बॉम्ब आहे हें प्रेक्षकाला आधीं ठाऊक असून गप्पा मारणारांना ठाऊक नसेल, तर त्याच निरर्थक गप्पांतील प्रत्येक शब्द त्याच्या काळजावर घाव घालतो. ह्या न्यायानें पाहतां ‘मार्नी’ पाहणारा प्रेक्षक सारा वेळ मेजाखालीं वांकून बॉम्ब शोधीत असतो, आणि तो त्याला सांपडत नाहीं.

कथानक थोडक्यांत असें : मार्नी एडगर ही देखणी तरुणी नांव आणि केसांचा रंग बदलीत एकामागून एका कचेरींत नोकरी धरते, मालकाचा विश्वास संपादन करते आणि तिजोरींतील रोकड घेऊन नाहींशी होते. ह्या पैशांतून ती बाल्टिमोर येथें राहणाऱ्या आपल्या लंगड्या आईला पोसते. पुरुषाचा स्पर्श तिला सोसवत नाहीं. लाल रंग अवचित दिसला कीं ती भयानें थिजते. आकाशांत वीज कडाडली कीं लहान मुलासारखी कावरीबावरी होते. तिचा जीव मोकळा होतो तो फक्त फोरिओ नांवाच्या आपल्या घोड्यावर. फिलाडेल्फिया येथील मार्क रटलंड हा श्रीमंत, विधुर प्रकाशक तिला ओळखून असूनहि नोकरी देतो. ती त्याचीहि तिजोरी फोडते, तेव्हां तो तिला गांठतो आणि पोलीस कीं आपल्याशीं विवाह, एवढाच पर्याय तिच्यापुढें ठेवतो. पुढें तिच्या रोगाचें मूळ खणून काढण्याचा तो ध्यास घेतो आणि अखेरीस बाल्टिमोरच्या त्या घरांत तिच्या बालपणींच्या एका भयंकर रात्रीचा उलगडा होतो. विन्स्टन ग्रॅहम ह्या इंग्रज लेखकाच्या १९६१ सालच्या कादंबरीवरून ही कथा घेतलेली आहे. मूळ कादंबरी इंग्लंडांत घडते आणि ती नायिकेच्याच तोंडून सांगितलेली आहे. चित्रपटानें स्थळ अमेरिकेंत नेलें, आणि नायिकेचें निवेदन काढून घेऊन तिला पाहण्याचा अधिकार दुसऱ्यांस दिला. हा दुसरा फरक पहिल्याहून फार मोठा आहे, हें पुढें दिसून येईल.

निराश झालेल्यांचे आक्षेप मुख्यतः चार आहेत. चोर कोण हें पहिल्या कांहीं मिनिटांतच कळतें आणि नायकालाहि तें ठाऊक असतें, तेव्हां रहस्य उरतें कोठें, हा पहिला. दुसरा आक्षेप देखाव्यांच्या खोटेपणाचा : घोडा दौडत असतांना मागचें रान दुसऱ्याच पडद्यावर हलतांना दिसतें, आणि बाल्टिमोरच्या गल्लीच्या टोकाशीं उभें असलेलें अवाढव्य जहाज रंगविलेलें आहे हें लहान मूलहि ओळखील. मनोव्यापारांची उकल बाळबोध आहे, जणूं एक आठवण वर आली कीं सारा रोग पळाला, हा तिसरा. नायक म्हणून ज्याला आपण स्वीकारावें अशी अपेक्षा आहे त्याचेंच वर्तन स्वीकारण्याजोगें नाहीं, हा चौथा. टिपी हेड्रेन हिचा अभिनय कृत्रिम आहे असा पांचवाहि आक्षेप पुष्कळ ठिकाणीं आढळतो, पण तो आम्हांला मुळींच मान्य नाहीं. जी स्त्री जन्मभर सोंगेंच करीत आली तिच्या बोलण्यांत ठरीव गोडवा असावयाचाच. आणि जेव्हां तें सोंग गळून पडतें, तेव्हांचा तिचा लहान मुलीचा आवाज ज्यानें ऐकला तो हा आक्षेप पुन्हां घेणार नाहीं.

आतां समर्थकांची बाजू. १९६५ सालीं रॉबिन वुड ह्या इंग्रज टीकाकारानें हिचकॉकवर एक पुस्तक लिहिलें. हिचकॉकला गंभीर कलावंत कां मानावें हा प्रश्न त्यानें आरंभींच उघडपणें मांडला आणि नुकत्याच पडलेल्या ‘मार्नी’ला त्याच्या श्रेष्ठ कृतींत स्थान दिलें. पुढें उतारवयांत तर, ज्याला ‘मार्नी’ आवडत नाहीं त्याला हिचकॉक खरा आवडत नाहीं, आणि ज्याचें ‘मार्नी’वर प्रेम नाहीं त्याचें चित्रपटकलेवरच प्रेम नाहीं, अशा अर्थाचे उद्गार त्यानें काढले. देखाव्यांच्या खोटेपणाविषयीं ह्या पक्षाचें म्हणणें असें : हिचकॉकनें उमेदवारीच्या काळांत, १९२४ च्या सुमारास, जर्मनींत काम केलें होतें आणि मुर्नाऊसारख्या दिग्दर्शकाचें काम तेथें प्रत्यक्ष पाहिलें होतें. त्या संप्रदायांत देखावा हा बाहेरच्या जगाची नक्कल नसून पात्राच्या मनाचें चित्र असतो. मार्नीचें जगच तिला खरें वाटत नाहीं, म्हणून तें पडद्यावरहि खोटें दिसतें. फ्रान्स्वा त्रुफो ह्या फ्रेंच दिग्दर्शकानें मात्र मधला मार्ग काढला. हिचकॉकच्या प्रदीर्घ मुलाखती घेऊन त्यानें ग्रंथ सिद्ध केला आहे. ‘मार्नी’ला त्यानें थोर पण आजारी चित्रपटांच्या वर्गांत बसविलें. ज्याची आकांक्षा मोठी, पण वाटेंत घडलेल्या चुकांनीं ज्याचें अंग अधू झालें, असा चित्रपट. आणि कित्येकदां निर्दोष कृतीपेक्षां अशा कृतींतच कर्त्याचें अंतःकरण अधिक उघडें दिसतें, हा त्याचा अभिप्राय.

आपल्याकडील साहित्यशास्त्राची ज्यांना ओळख आहे त्यांना हा वाद नवा वाटणार नाहीं. मम्मटानें ‘काव्यप्रकाशां’त काव्याचें लक्षण सांगतांना शब्दार्थ निर्दोष असावेत अशी अट घातली. ‘साहित्यदर्पण’कार विश्वनाथानें तीवर आक्षेप घेतला. अशी अट घातली तर जगांत काव्य फार विरळा सांपडेल, किंबहुना सांपडणारच नाहीं. किड्यानें भोंक पाडलें म्हणून रत्नाचें रत्नपण नष्ट होत नाहीं, त्याच्या मोलांत तेवढें कमीजास्त होतें. त्रुफोचें म्हणणें विश्वनाथाच्या किती जवळ आहे हें सांगावयास नको. पण एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. किड्याचें भोंक हेंच रत्नाचें तेज होय, असें विश्वनाथानें कोठेंहि म्हटलेलें नाहीं. वुडच्या मागून आलेले कित्येक भक्त नेमकें हेंच म्हणतात. जो जो दोष दाखवावा तो तो त्यांच्या हातीं पडतांच गुण होतो. अशा समर्थनानें कृतीचें रक्षण होत नाहीं. उलट जेथें ती खरोखर सुंदर आहे तेथील सौंदर्यहि संशयास्पद होतें.

म्हणून दोषांची एकेक करून परीक्षा करणें बरें. खोट्या देखाव्यांपैकीं जहाजाचें समर्थन आम्हांला पटतें. पहिल्या वेळीं तें नुसतें विद्रूप वाटतें. पण शेवट पाहिल्यावर कळतें कीं, ह्या गल्लींतील त्या घरावर सारें अरिष्ट जहाजांवरून येणाऱ्या खलाशांच्या पायांनींच आलें होतें. गल्लीच्या टोकाशीं वाट अडवून उभें असलेलें तें जहाज मुलीच्या स्मृतींत जितकें मोठें आणि जितकें निर्जीव असेल, तितकेंच तें पडद्यावर आहे. उलट घोड्याच्या दौडीचें समर्थन मात्र कोणी कितीहि केलें तरी टिकावयाचें नाहीं. साऱ्या जगांत मार्नी जर एके ठिकाणीं खोटी नसेल, तर ती फोरिओच्या पाठीवर. खोटा देखावा म्हणजे तिच्या मनाचा खोटेपणा, हा सिद्धांत क्षणभर मान्य केला तर ह्याच दृश्यांत खरें रान, खरा वारा आणि खरी गति हवी होती. तेथेंच दिग्दर्शकानें तिला कलागृहांतील यंत्राच्या घोड्यावर बसविलें! समर्थकांच्या नियमानेंच हा दोष ठरतो.

लाल रंगाचेंहि तसेंच. शाईचा एक लाल थेंब बाहीवर पडतो, शर्यतीच्या मैदानावर एका घोडेस्वाराच्या अंगरख्यावर लाल ठिपके दिसतात, शिकारीला निघालेल्या मंडळींत लाल डगला दिसतो, आणि प्रत्येक वेळीं सारा पडदाच लाल होऊन जातो. पहिल्या खेपेस प्रेक्षक चमकतो. तिसऱ्या खेपेस त्याला इशारत समजलेली असते, आणि समजलेल्या इशारतीनें कोणी भीत नाहीं. मार्नीला भय वाटतें आहे हें ह्या युक्तीनें आपणांस कळतें, पण तें आपल्याला वाटत नाहीं. रस सूचित व्हावयाच्या ऐवजीं त्याचें नांव घेऊन सांगणें हा आपल्याकडे दोषच मानला गेला आहे.

आतां ह्याच चित्रपटांतील असें एक स्थळ पाहूं, कीं ज्याला वकिलाची गरज नाहीं. रटलंडच्या कचेरींतील चोरीचें दृश्य हें तें स्थळ. कचेरी सुटली आहे. मार्नी प्रसाधनगृहांत लपून राहते, एकेक आवाज थांबण्याची वाट पाहते, मग बाहेर येऊन तिजोरीकडे जाते. ह्यापुढें पडद्याचे जणूं दोन भाग होतात. उजवीकडे तिजोरीपाशीं मार्नी. डावीकडे, मधल्या भिंतीपलीकडे, फरशी पुसत पुसत पुढें सरकणारी एक मोलकरीण. एकीची दुसरीला खबर नाहीं. दोघी फक्त आपल्याला दिसतात. बर्नार्ड हरमनचें संगीत चित्रपटभर मुक्तपणें वाहत असतें, तें येथें अजिबात बंद आहे. मार्नीला मोलकरीण दिसते. ती पायांतील बूट काढून कोटाच्या दोन खिशांत ठेवते आणि अनवाणी जिन्याकडे निघते. एक बूट खिशांतून हळूहळू बाहेर सरकूं लागतो. तो पडतो; त्या शांततेंत तो आवाज तोफेसारखा वाटतो; आणि मोलकरीण मानहि वर करीत नाहीं, कारण तिला ऐकूं कमी येतें! येथें बॉम्ब आहे, मेज आहे, आणि गप्पा नसल्या तरी फरशीवर फिरणारें पोतेरें आहे. शिवाय ह्या दृश्यानें आणखी एक काम नकळत केलेलें असतें. आपण एका चोराची बाजू घेऊन तिनें सुटावें म्हणून श्वास रोखून बसलों होतों, हें दृश्य संपल्यावर आपल्या ध्यानांत येतें. ज्यानें हें निर्माण केलें त्याची प्रतिभा १९६४ सालीं आटली होती असें म्हणणाऱ्यानें हें दृश्य पुन्हां पाहावें.

तथापि चित्रपटाचें खरें हृदय चोरींत नाहीं. तें आमच्या वहिनींना दिसलें, आणि आम्हांला इतक्या वर्षांत दिसलें नव्हतें. दुसऱ्या खेपेस पाहतांना आम्हीं मुद्दाम हातांकडे आणि केसांकडे लक्ष ठेविलें. आरंभीं मार्नीचा चेहरा आपणांस दिसतच नाहीं. पाठमोरी काळ्या केसांची एक स्त्री दिसते. मग ती मोरींत केसांचा काळा रंग धुवून टाकते, सोनेरी केस मागें झोंकते, आणि पहिल्यानें चेहरा दिसतो. नंतर ती आईकडे जाते. आई शेजारच्या एका लहान मुलीचे केस विंचरीत असते, आणि मार्नी तिकडे अशा दृष्टीनें पाहत राहते, कीं हिला पैसे कशासाठीं चोरावे लागतात हें कोणी सांगावें लागत नाहीं. ती आईच्या मांडीवर डोकें ठेवूं पाहते, तर आई पाय दुखतो म्हणून तिला दूर करते. आणि शेवटीं, भयंकर रात्रीचा सारा उलगडा झाल्यावर, मार्नी पुन्हां त्याच आईपाशीं खालीं बसते. मुलीच्या त्या केसांकडे आईचा हात जातो, जवळजवळ टेकतो, आणि मागें फिरतो. पुन्हां तीच पायाची तक्रार. मुलीसाठीं ह्या स्त्रीनें खुनाचा आळ आपल्या अंगावर घेतला. पण केसांवरून हात फिरविणें तिला साधत नाहीं. लुईज लेथम हिनें हा क्षण इतक्या संयमानें केला आहे, कीं मनोविकारशास्त्राच्या दहा व्याख्यानांनीं जें कळलें नसतें तें त्या एका हातानें कळतें.

हा धागा सांपडल्यावर पहिला आक्षेप आपोआप गळून पडतो. ‘ही पकडली जाईल काय’ हा ह्या चित्रपटाचा प्रश्नच नव्हे. ‘हिच्या डोक्यावर कोणी मायेनें हात ठेवील काय’ हा त्याचा प्रश्न आहे. रहस्यपट म्हणून पाहणाऱ्याची निराशा झाली ती खरी, परंतु ती जाहिरातींतील वस्तु न मिळाल्याची निराशा होती. तिसऱ्या आक्षेपाचाहि जोर ह्यामुळें अर्धा कमी होतो. स्मृति परत येतांच रोग बरा होतो असें पटकथा म्हणत असेल. चित्र तसें म्हणत नाहीं. स्मृति परत आल्यानंतरहि आईचा हात मागेंच फिरतो.

राहतां राहिला चौथा आक्षेप, आणि तो मात्र आमच्या मतें गळून पडत नाहीं. मार्क रटलंड हा प्राणिशास्त्राचा अभ्यासक दाखविला आहे. एका रानटी मार्जाराला आपण माणसावर विश्वास ठेवावयास शिकविलें, हें तो अभिमानानें सांगतो. मार्नीकडेहि तो त्याच दृष्टीनें पाहतो. मधुचंद्राच्या जलप्रवासांत तो तिला स्पर्श न करण्याचें वचन देतो, आणि थोड्याच दिवसांत तें मोडतो. जें घडतें त्याला बलात्कार ह्याखेरीज दुसरें नांव नाहीं. पटकथेचें काम आधीं एव्हन हंटर ह्या लेखकाकडे होतें. ह्या प्रसंगानंतर नायकाविषयीं प्रेक्षकांना सहानुभूति उरणार नाहीं, असें त्यानें दिग्दर्शकाला बजावलें. त्याचें काम काढून घेण्यांत आलें आणि तें जे प्रेसन ऍलन हिच्याकडे गेलें. प्रसंग राहिला. (हा चित्रपट लहान मुलांसमवेत पाहण्याजोगा नाहीं, हें येथें सांगून ठेवितों.)

आश्चर्य असें, कीं त्या प्रसंगीं कॅमेरा नायकाच्या बाजूचा नाहीं. तो मार्नीच्या शून्य, दगडी चेहऱ्यावर खिळून राहतो; आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं जहाजावरील तलावांत ती जवळजवळ मेलेली सांपडते. ह्या पुरुषाविरुद्ध ह्याहून स्पष्ट साक्ष कोणती हवी? आणि तरीहि शेवटीं तुरुंगापेक्षां आपल्याला त्याच्याचजवळ राहावयाचें आहे असें ती म्हणते, आणि आपण तें समाधानानें ऐकावें अशी व्यवस्था केलेली आहे. मूळ कादंबरींत बोलणारी मार्नी स्वतः होती. येथें ती बोलण्याची वस्तु झाली. क्षेमेंद्रानें औचित्य हें रसाचें जीवित म्हटलें. ह्या चित्रपटांत पैशांचें, घोड्याचें, केसांचें औचित्य सांभाळलें गेलें. फक्त नायिकेला जें सोसावें लागलें त्याचा हिशोब शेवटीं कोणीच मागत नाहीं. आमच्या पुतणीचा प्रश्न हाच होता. त्याला चित्रपटाजवळ उत्तर नाहीं. आणि उत्तर नसून तें असल्याचा बहाणा करणें हा त्यांतील सर्वांत मोठा दोष होय.

ह्या ठिकाणीं पडद्यामागील एका गोष्टीचा उल्लेख टाळतां येत नाहीं. ही भूमिका प्रथम ग्रेस केली हिनें करावी असें ठरत होतें; १९६२ सालीं तसें जाहीरहि झालें, पण मोनॅकोच्या राजकुमारीपदावरून तिला परत येतां आलें नाहीं. मग ‘द बर्ड्‌स’मधून पुढें आणलेल्या टिपी हेड्रेनकडे ती गेली. दिग्दर्शकानें आपला छळ केला, आपल्याशीं बळजोरीचें वर्तन केलें आणि आपण झिडकारल्यावर आपलें चित्रपटजीवन संपविलें, असें हेड्रेन हिनें २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत लिहिलें आहे. हिचकॉक १९८० सालींच वारला होता. त्याची बाजू ऐकण्याची सोय नाहीं, आणि त्याच्याबरोबर काम केलेल्या दुसऱ्या कांहीं व्यक्तींनीं आपला अनुभव निराळा होता असेंहि सांगितलें आहे. ह्या आरोपाचा न्यायनिवाडा करणें हें मासिकाच्या पानांचें काम नव्हे. पण टीकाकारानें ही गोष्ट मुळींच ऐकली नाहीं असें दाखवून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. विशेषतः ज्या चित्रपटांत एक पुरुष एका स्त्रीला ‘तुझ्याच हितासाठीं’ म्हणून कोंडून ठेवतो, त्याबाबतींत तर अधिकच. पडद्यावरच्या ज्या अस्वस्थतेला आपण कला म्हणतों, तिची किंमत कोणी आणि किती दिली, हें विचारण्याचा प्रेक्षकाला अधिकार आहे.

‘मार्नी’नंतर हिचकॉकचें काम उतरणीला लागलें, असें सर्वसाधारण मत आहे. ‘टॉर्न कर्टन’ (१९६६) आणि ‘टोपाझ’ (१९६९) पाहतां तें खोटें म्हणवत नाहीं. ‘फ्रेन्झी’ (१९७२) पाहतां तें पुरतें खरेंहि म्हणवत नाहीं. पण ‘हें सारें एकट्या हिचकॉकचें’ असें मानणाऱ्यांनीं एका योगायोगाचा विचार करावा. १९५१ सालच्या ‘स्ट्रेंजर्स ऑन ए ट्रेन’पासून एका ‘सायको’चा अपवाद सोडल्यास प्रत्येक चित्रपटाचें छायालेखन करणारा रॉबर्ट बर्क्स ह्याचें हिचकॉकबरोबरचें हें अखेरचें काम. संकलक जॉर्ज टोमासिनी त्याच वर्षीं वारला. संगीतकार हरमन ह्याचा तर पुढच्याच चित्रपटाच्या वेळीं हिचकॉकशीं कायमचा बेबनाव झाला. हे तीन हात गेले आणि त्याबरोबर कांहीं तरी गेलें. चित्रपट एका माणसाच्या नांवावर चालतो, एका माणसाच्या हातानें होत नाहीं, हा धडा भक्तांनीं आणि निंदकांनीं सारखाच घेण्याजोगा आहे.

कोणी म्हणेल, काळच काय तें ठरवील. ‘व्हर्टिगो’चें उदाहरण नेहमीं पुढें केलें जातें. १९५८ सालीं त्याचें स्वागत थंडपणानेंच झालें होतें. त्याच चित्रपटाला २०१२ सालीं लंडनच्या ‘साइट अँड साउंड’ ह्या नियतकालिकानें घेतलेल्या टीकाकारांच्या मतमोजणींत पहिलें स्थान मिळालें आणि २०२२ सालीं दुसरें. तेव्हां ‘मार्नी’लाहि तसा दिवस येईल, अशी कित्येकांना आशा आहे. परंतु दोन्ही प्रकरणें सारखीं नाहींत. ‘व्हर्टिगो’चें रहस्य शेवटच्या बरेंच आधीं फोडलें जातें हा त्यावेळीं दोष वाटला, पुढें कळून आलें कीं सारी इमारत त्याच खांबावर उभी आहे. जो दोष काढून घेतल्यास कृति कोसळेल तो दोष नव्हे. पण यंत्राचा घोडा, वारंवार लाल होणारा पडदा आणि शेवटची ती तडजोड हीं काढून घेतलीं, तर ‘मार्नी’ कोसळत नाहीं. उलट सांवरून उभी राहते. दोष कोणता आणि खांब कोणता हें ओळखण्याची ह्याहून चांगली कसोटी आम्हांला ठाऊक नाहीं.

तेव्हां आमचें मत असें : ‘मार्नी’ फसली असें म्हणणाऱ्यांना हिचकॉक कळला नाहीं हें प्राध्यापकमहाशयांचें म्हणणें आम्हांला मान्य नाहीं, ती जागोजाग फसलेली आहे. परंतु फसली म्हणून ती टाकून देणारांनाहि तींत काय होतें हें कळलें नाहीं. प्रथमदर्शनीं झालेल्या निराशेची लाज वाटून घेऊं नये; ती प्रेक्षकाची प्रामाणिक साक्ष असते, आणि मोठ्या नांवाच्या दडपणाखालीं ती फिरवूं नये. मात्र साक्ष म्हणजे निकाल नव्हे. निकालापूर्वीं एकदां तरी पुन्हां पाहावें, आणि शक्य तर आपल्याहून निराळ्या नजरेच्या माणसाशेजारीं बसून पाहावें. त्या रविवारीं आम्ही प्राध्यापकांच्या शेजारीं बसलों होतों. पुढच्या खेपेस वहिनींच्या शेजारीं बसावयाचें, असें आम्हीं ठरविलें आहे.